चेंडू उचलला तरी जागा हलता कामा नये

शेताच्या बांधावरून होणारी भांडणे तुम्ही नक्कीच पाहिली किंवा ऐकली असतील. मोहोळ तालुक्यात काय किंवा महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही तालुक्यात काय, बांधावरचा खुणेचा दगड नांगराच्या धक्क्याने हलला, की दोन घरांतील बोलणे बंद होते. मग मोजणीदार येतो, साखळी किंवा यंत्र लावतो आणि दगड मूळ जागी बसवतो. दगड पुन्हा नेमका त्याच जागी बसला हे त्याला कशावरून कळते? एखाद्या शहाण्या शेतकऱ्याने आधीच दोन झाडांपासून त्या दगडापर्यंतची अंतरे मोजून ठेवलेली असली, तर काम सोपे होते. पण अंतर एकाच झाडापासून मोजले असेल, तर दगड त्या झाडाभोवतीच्या वर्तुळावर कोठेही असू शकेल. भांडण मिटायचे नाही.

आज आपण असाच एक प्रश्न पाहणार आहोत. तो शेतातला नाही, खेळाच्या टेबलावरचा आहे. एक गुळगुळीत गोल चेंडू टेबलावर स्थिर आहे. तो उचलायचा, स्वच्छ पुसायचा आणि पुन्हा जसाच्या तसा त्याच जागी ठेवायचा. गोल चेंडू टेबलाला जवळजवळ एकाच बिंदूत टेकतो आणि तो बिंदू त्याच्या पोटाखाली झाकलेला असतो. मग खूण करायची कोठे? खडूने टेबलावर रेघ ओढायला अर्थातच परवानगी नाही!

हे काम करण्यासाठी स्नूकरच्या पंचाजवळ एक छोटी पट्टी असते. तिला बॉल मार्कर म्हणतात. आपण तिला खूणपट्टी म्हणू. अशी पट्टी विकत घ्यायची झाल्यास ती कशी पारखावी, याचा विचार करताना नववी-दहावीची भूमिती किती उपयोगी पडते ते पाहू.

खेळ आणि पंच

स्नूकरचा जन्म आपल्याच देशात झाला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ रचला. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) नंतर त्याचे नियम उटकमंडच्या क्लबात लिहून लावण्यात आले आणि तेथून तो जगभर गेला.

महाराष्ट्राचेही या खेळांशी जुने नाते आहे. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकली. मुंबईचे मायकेल फरेरा हेही बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. मुंबईच्याच ओमप्रकाश अगरवाल यांनी १९८४ साली डब्लिनला जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकली. अनेक जागतिक विजेतेपदे मिळवणाऱ्या पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच, १९८५ सालचा.

स्नूकरच्या मोठ्या टेबलाची खेळण्याची जागा सुमारे ३५७ सें.मी. लांब आणि १७८ सें.मी. रुंद असते. खाली पाटीच्या दगडाच्या जाड, सपाट लाद्या आणि वर ताणून बसवलेली लोकरी हिरवी बनात. टेबलावर एकूण २२ चेंडू असतात: १५ तांबडे, ६ निरनिराळ्या रंगांचे आणि १ पांढरा. खेळाडू क्यू नावाच्या निमुळत्या काठीने फक्त पांढऱ्या चेंडूला टोला देतो आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे चेंडू टेबलाच्या सहा पॉकेटांत घालवतो. तांबड्याला १ गुण मिळतो. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा यांना अनुक्रमे २ ते ७ गुण असतात.

प्रत्येक चेंडूचा व्यास ५२.५ मि.मी. असावा लागतो आणि त्यात ०.०५ मि.मी. पेक्षा अधिक फरक चालत नाही. इतक्या काटेकोर चेंडूंचा खेळ सांभाळणारा पंचही तितकाच काटेकोर हवा.

चेंडू का पुसायचा?

क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली असते. ती घसरू नये म्हणून खेळाडू तिला वारंवार खडू लावतो. हा खडू थोडा थोडा चेंडूवर उतरतो. दोन स्वच्छ चेंडू एकमेकांवर आदळले, तर त्यांच्या पृष्ठभागांतील घर्षण फारच थोडे असते. पण नेमक्या आघाताच्या ठिकाणी खडूचा कण आला, तर क्षणभर घर्षण वाढते. चेंडू किंचित उडी मारतो किंवा भलत्याच दिशेला जातो. खेळाडूचा नेम बरोबर असूनही चेंडू पॉकेटात जात नाही.

म्हणून खेळाडू पंचाला चेंडू पुसण्याची विनंती करू शकतो. चेंडू त्याच्या ठरलेल्या ठिपक्यावर नसेल, तर तो उचलण्याआधी योग्य साधनाने त्याची जागा खूण करून ठेवावी, असा नियमच आहे. या नियमाचा एक भाग तर फार मजेदार आहे. चेंडू पुसून परत ठेवला जाईपर्यंत ती खूणपट्टीच चेंडू मानली जाते आणि चेंडूचे गुणही तिला मिळतात! काळ्या चेंडूच्या जागी ठेवलेल्या पट्टीला कोणा खेळाडूचा हात लागला, तर काळ्या चेंडूलाच हात लागल्याप्रमाणे दंड होतो. एवढीशी पट्टी, पण तेवढा वेळ तिची किंमत सात गुण असते.

एका मिलिमीटरचे मोल

तुम्ही म्हणाल, ‘चेंडू परत ठेवताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर काय बिघडले? खेळाडू नवी जागा पाहून नेम धरीलच की!’ शंका योग्य आहे. पुष्कळदा खरोखरच काही बिघडत नाही. पण काही वेळा सारेच बिघडते.

समजा, दोन तांबडे चेंडू एकमेकांना टेकलेले आहेत आणि त्यांची मध्ये जोडणारी रेषा सरळ पॉकेटाच्या मधोमध जाते. अशा जोडीतील मागच्या चेंडूवर पांढरा आदळला, की पुढचा चेंडू जवळजवळ त्या रेषेच्याच दिशेने निघतो, कारण टेकलेल्या बिंदूतून धक्का मध्यांना जोडणाऱ्या रेषेतच पोचतो. येथे दिशा ठरते ती जोडीच्या मांडणीवरून. खेळाडूला नेम थोडा बदलून ती सुधारता येत नाही.

आता मागचा चेंडू पुसण्यासाठी उचलला आणि परत ठेवताना तो १ मि.मी. बाजूला सरकला. दोन्ही मध्यांमधील अंतर ५२.५ मि.मी. आहे. म्हणजे मध्यांना जोडणारी रेषा ५२.५ मि.मी. लांबीत १ मि.मी. तिरकी झाली. हा कोन सुमारे १.१ अंशाचा होतो. पॉकेट तेथून १.५ मीटर, म्हणजे १५०० मि.मी. दूर असेल, तर समरूप त्रिकोणांवरून

१५०० × १ ÷ ५२.५ = सुमारे २८.६ मि.मी.

एवढा पुढचा चेंडू बाजूला जाईल. कोपऱ्यातील पॉकेटाचे तोंड सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते. चेंडूचा व्यास त्यातून वजा केला, तर दोन्ही बाजूंना मिळून ३२-३३ मि.मी. उरतात, म्हणजे एका बाजूला सुमारे १६ मि.मी. आपला चेंडू तर २८ मि.मी. चुकला! पंचाच्या हातून झालेली १ मि.मी. ची चूक टेबलाच्या टोकाला जाईपर्यंत जवळजवळ तीसपट झाली आणि एका खेळाडूचा हक्काचा गुण गेला.

मोहोळात किंवा आसपासच्या गावात स्नूकरचे टेबल पाहायला मिळणे अवघड. पण कॅरम तर घरोघर आहे. कॅरमच्या सोंगटीचा व्यास सुमारे ३१ मि.मी. आणि पॉकेटाचा सुमारे ४४.५ मि.मी. असतो. दोन सोंगट्या चिकटवून त्यांची रेषा ३० सें.मी. दूरच्या पॉकेटाकडे धरा. मागची सोंगटी १ मि.मी. बाजूला सरकवली, तर पुढची ३०० ÷ ३१, म्हणजे सुमारे ९.७ मि.मी. चुकते. पॉकेटात एका बाजूला मोकळी जागा असते जेमतेम ६.७ मि.मी. करून पाहा. ‘माझी सोंगटी हलवलीस’ या तक्रारीत केवढे तथ्य असते ते कळेल!

एक स्पर्श पुरत नाही

सपाट टेबलावर चेंडूची जागा सांगायला दोन आकडे लागतात. आलेखाच्या कागदावर एखाद्या बिंदूचे क्ष आणि य हे दोन निर्देशक लागतात, तसेच. म्हणून चेंडूची जागा पक्की करायची, तर त्याला पट्टीचे दोन स्वतंत्र स्पर्श हवेत.

पट्टीची कड सरळ असेल, तर ती चेंडूला एकाच बिंदूत टेकते. चेंडू परत ठेवताना तो कडेला टेकलेला राहूनही डावी-उजवीकडे सरकू शकतो. म्हणजे एक आकडा पक्का झाला, दुसरा मोकळाच राहिला. एकाच झाडापासून मोजलेल्या दगडासारखी त्याची गत होते.

आता पट्टीच्या कडेला खाच पाडली आणि खाचेचे दोन्ही कोपरे चेंडूला टेकले, तर? चेंडूला डावीकडे जायला डावा कोपरा अडवतो आणि उजवीकडे जायला उजवा. दोन्ही कोपऱ्यांना एकाच वेळी टेकण्यासाठी चेंडूला एकच जागा शिल्लक राहते. दोन झाडे मिळाली!

खाच अर्धगोल असली म्हणजे आपोआप काम होते, असे मात्र समजू नका. खाचेची गोलाई चेंडूपेक्षा मोठी असेल, तर चेंडू तिला एकाच ठिकाणी टेकेल आणि आत थोडा घरंगळत राहील. मोठ्या वाटीत ठेवलेल्या लिंबासारखे. गोलाई बरोबर चेंडूएवढी असेल, तर कागदावर ते उत्तम. पण प्रत्यक्षात तंतोतंत सारखी गोलाई कापणे कठीण असते आणि चेंडू नेमका कोठे टेकतो याची खात्री देता येत नाही. म्हणून खाच अशी असावी, की दोन दूरचे कोपरेच चेंडूला टेकतील आणि मधला भाग मोकळा राहील.

प्रयोग: ठिपक्यांची साक्ष

हे सारे मानून चालू नका. स्वतः ताडून पाहा.

साहित्य: सुमारे २५ मि.मी. व्यासाची मोठी काचेची गोटी किंवा जुन्या बेअरिंगमधला तेवढाच पोलादी गोळा, सुमारे २ मि.मी. जाडीचा घट्ट पुठ्ठा, कार्बन पेपर, पांढरा कागद, चिकटपट्टी, कात्री.

कृती: (१) पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा. एकीची कड सरळ ठेवा. दुसरीच्या कडेला ८ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. खोल अशी चौकोनी खाच पाडा.

(२) टेबलावर पांढरा कागद ठेवा. त्यावर कार्बन पेपर शाईची बाजू खाली करून ठेवा. त्यावर सरळ कडेची पट्टी चिकटपट्टीने पक्की बसवा.

(३) गोटी पट्टीला हलकेच टेकवून ठेवा, वरून बोटाने दाबा आणि उचला. खालच्या कागदावर एक ठिपका उमटेल. डोळे मिटून किंवा मित्राच्या हातून हीच कृती दहा वेळा करा.

(४) नवा कागद घेऊन खाचेच्या पट्टीने हीच कृती दहा वेळा करा. या वेळी गोटी खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांना टेकली पाहिजे.

निरीक्षण: सरळ पट्टीपुढे दहा ठिपके एका ओळीत, पण दूर दूर पसरलेले दिसतील. खाचेच्या पट्टीपुढे ते एकमेकांवर दाटीने पडतील. ठिपक्यांच्या पुंजक्याची लांबी-रुंदी मोजपट्टीने मोजून वहीत नोंदवा.

ठिपक्यांचा हा पुंजका म्हणजे खूणपट्टीचे प्रगतिपुस्तक. विकत घ्यायच्या पट्टीचीही परीक्षा अशीच घ्यावी. पुंजका जितका लहान, तितकी पट्टी चांगली.

पट्टी चेंडूच्या पोटाखाली शिरते

आता थोडा हिशेब करू. स्नूकरच्या चेंडूची त्रिज्या २६.२५ मि.मी. म्हणून खाचही २६ मि.मी. त्रिज्येची हवी, असे प्रथम वाटते. ते चूक आहे. पट्टी टेबलावर आडवी असते. ती चेंडूला त्याच्या कमरेशी टेकत नाही. चेंडू वर फुगलेला असल्यामुळे पट्टी त्याच्या पोटाखाली शिरते आणि तिची वरची धार चेंडूला टेकते.

पट्टीची जाडी ज इतकी आणि चेंडूची त्रिज्या त्र असेल, तर टेबलापासून ज उंचीवर चेंडूचा आडवा छेद हे एक वर्तुळ असते. त्या वर्तुळाची त्रिज्या पायथागोरसच्या सिद्धांतावरून काढता येते. चेंडूचा मध्य टेबलापासून त्र उंचीवर आहे, म्हणजे छेदापासून (त्र − ज) इतका वर आहे. म्हणून

छेदाच्या त्रिज्येचा वर्ग = त्र² − (त्र − ज)² = २ × त्र × ज − ज²

पट्टी ३ मि.मी. जाड असेल, तर ५२.५ × ३ − ९ = १४८.५. याचे वर्गमूळ सुमारे १२.२. म्हणजे ३ मि.मी. जाड पट्टीला भेटणारे वर्तुळ फक्त १२.२ मि.मी. त्रिज्येचे असते. चेंडूच्या त्रिज्येच्या निम्म्याहूनही लहान!

खाचेची रुंदी किती असावी? ती या वर्तुळाच्या व्यासापेक्षा, म्हणजे २४.४ मि.मी. पेक्षा कमी हवी, नाहीतर चेंडू कोपऱ्यांना टेकण्याऐवजी आत जाऊन मागच्या भिंतीला टेकेल. समजा, रुंदी १६ मि.मी. घेतली. ही वर्तुळाची जीवा झाली. जीवेचा अर्धा भाग ८ मि.मी. मध्यापासून जीवेचे अंतर = √(१४८.५ − ६४) = सुमारे ९.२ मि.मी. म्हणजे चेंडूचा भाग १२.२ − ९.२ = ३ मि.मी. एवढा खाचेत शिरेल. तेव्हा खाचेची खोली ३ मि.मी. हून जास्त पाहिजे. नाहीतर खाचेचा तळच चेंडूला टेकेल आणि कोपऱ्यांचा उपयोग राहणार नाही.

आणखी एक गंमत पाहा. पट्टीच्या दोन्ही बाजू पुढे वाढवून चेंडूला अर्ध्याहून अधिक वेढा घातला, तर पकड आणखी पक्की होईल असे वाटते. पण मग पट्टी काढून घ्यायची कशी? ती मागे ओढताना चेंडूलाही बरोबर ओढील. खूण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच खूण अलगद काढून घेणेही महत्त्वाचे. म्हणून खाच तोंडाशी मोकळी हवी.

चेंडू खरेच गोल असेल तरच

पुसताना चेंडू हातात फिरतो. परत ठेवताना त्याची पूर्वीचीच बाजू खाली येईल असे नाही. तरीही तो त्याच जागी बसतो, कारण गोलाचे सर्व व्यास सारखे असतात. कोणतीही बाजू खाली आली तरी पट्टीला भेटणारे वर्तुळ तेच राहते.

चेंडूऐवजी डाळिंब असते तर? सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांना हा प्रयोग करायला डाळिंबाची वाण पडू नये! डाळिंब पट्टीला टेकवून ठेवा, उचला, फिरवा आणि पुन्हा टेकवा. प्रत्येक वेळी त्याचा मध्य वेगळ्या जागी येईल. कारण डाळिंबाला कंगोरे असतात आणि मुकुटही असतो. पट्टीचा दोष नसतानाही जागा हुकते.

पूर्वी बिलियर्ड्सचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत हा प्राण्याच्या शरीरात वाढलेला पदार्थ. त्याची घडण सर्व दिशांनी सारखी नसते आणि हवेतील दमटपणाप्रमाणे तो कमीजास्त आकसतो. चेंडूसाठी हत्ती मारावे लागत ते वेगळेच. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट याने हस्तिदंताला पर्याय शोधताना सेल्युलॉइड तयार केले. आज हे चेंडू कृत्रिम राळेपासून ओततात आणि घासून गोल करतात. चेंडू सुधारले म्हणूनच खूणपट्टीवर विसंबून राहता येते.

अचूक माप की सारखेपणा?

आता या धड्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. खाचेची रुंदी १६ मि.मी. ऐवजी १५.५ मि.मी. झाली, तर पट्टी फेकून द्यावी काय? मुळीच नाही! कारण चेंडू उचलण्यापूर्वी जी पट्टी टेकवली, तीच पट्टी, तशीच ठेवलेली, चेंडू परत ठेवताना वापरतो. माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले असेल, तर ते दोन्ही वेळा सारखेच चुकले आणि चूक चुकीला खाऊन गेली. येथे अचूक मापापेक्षा सारखेपणा हवा. दहा वेळा केले तरी दहाही वेळा तेच उत्तर यायला हवे.

पण पंचाला याच पट्टीकडून दुसरेही एक काम करून घ्यायचे असते. रंगीत चेंडू पॉकेटात गेला, की तो पुन्हा त्याच्या ठिपक्यावर ठेवावा लागतो. ठिपक्याजवळ दुसरा चेंडू असेल, तर तेथे जागा आहे की नाही? चेंडू ठेवून पाहायला गेले आणि धक्का लागला, तर खेळ बिघडला. म्हणून आधी पट्टीने मापून पाहतात.

दोन सारखे चेंडू एकमेकांना टेकतात तेव्हा त्यांच्या मध्यांतील अंतर ५२.५ मि.मी. असते. ३ मि.मी. जाडीची पट्टी शेजारच्या चेंडूला त्याच्या टेकण्याच्या बिंदूपासून १२.२ मि.मी. अलीकडेच भेटते. म्हणून पट्टीवर टोकापासून ५२.५ − १२.२ = ४०.३ मि.मी. वर एक खूण करावी. पट्टीचे टोक शेजारच्या चेंडूच्या बाजूला ठेवून खूण बरोबर ठिपक्यावर आणली आणि टोक चेंडूला न टेकता मावले, तर ठिपक्यावर रंगीत चेंडू बसेल. मावले नाही, तर बसणार नाही.

येथे मात्र चूक चुकीला खात नाही. ४०.३ ऐवजी ३९.३ वर खूण असेल, तर पट्टी ‘जागा आहे’ असे खोटेच सांगेल. शिवाय जाडीकडेही लक्ष हवे. तीच पट्टी ४ मि.मी. जाडीची केली, तर छेदाची त्रिज्या १३.९ मि.मी. होते आणि खूण ३८.६ मि.मी. वर यायला हवी. म्हणजे जाडीत १ मि.मी. चा फरक पडला, तर लांबीत १.७ मि.मी. चा फरक. एखाद्याने चांगल्या पट्टीची नक्कल करताना लांबी-रुंदी हुबेहूब उतरवली, पण पत्रा जाड वापरला, तर ती नक्कल निकामी ठरते.

म्हणून कोणतेही मापनसाधन घेताना आधी विचारावे, ‘मला सारखेपणा हवा आहे, की खरे माप?’ वाण्याच्या तराजूपासून प्रयोगशाळेतील तापमापकापर्यंत हा प्रश्न सगळीकडे लागू पडतो.

पट्टी पारखताना

आता पंचाबरोबर दुकानात जाऊ. समोर प्लॅस्टिकच्या, पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मांडल्या आहेत. काय पाहावे?

खाच: दोन्ही कोपरे सारखे आणि खरबरीतपणा नसलेले हवेत. नखाने चाचपून पाहावे. कोपऱ्याला राहिलेली कूस चेंडूला ओरखडा पाडते आणि झिजत गेली, की मापही बदलते.

तळ: सपाट आणि गुळगुळीत हवा. काचेवर ठेवून एका कोपऱ्यावर दाबल्यास पट्टी डुलता कामा नये. बाहेरचे कोपरे गोलसर असावेत, म्हणजे बनातीचे लोकरी तंतू ओढले जाणार नाहीत.

वजन: पट्टी फार हलकी असेल, तर बाही लागताच सरकेल. फार जड असेल, तर मऊ बनातीवर दाब पडेल. मध्यम वजन बरे.

रंग: हिरव्या बनातीवर चटकन दिसेल असा रंग हवा. पारदर्शक पट्टीतून खालचा ठिपका दिसतो हा फायदा. पण तिच्यावरची खूण ठळक कोरलेली हवी. नुसती शाईची खूण पुसली जाते.

पदार्थ: काही जण म्हणतील, ‘प्लॅस्टिक उन्हाळ्यात फुगते, धातूचीच घ्या.’ हा सल्ला आकड्यांनी तपासू. सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. समजा, तापमान २५ वरून ४५ अंश सेल्सिअस झाले. ॲक्रिलिक प्लॅस्टिक दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक लाखांश भागाच्या सातपट वाढते. म्हणून ४०.३ मि.मी. लांबीत वाढ होईल ४०.३ × २० × ०.००००७ = सुमारे ०.०६ मि.मी. पितळेत ती सुमारे ०.०१५ मि.मी. होईल. पितळ चारपट सरस खरे. पण दोन्ही वाढी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी आहेत. डोळ्याने खूण ठिपक्यावर जुळवतानाच याहून मोठी चूक होते. तेव्हा केवळ एवढ्यासाठी महाग पट्टी घेण्याचे कारण नाही. तापलेल्या मोटारीत पट्टी वाकडी झाली, तर मात्र ती टाकून द्यावी.

आणि शेवटची परीक्षा ठिपक्यांची. दुकानदाराची हरकत नसेल, तर तेथेच करावी. नाहीतर घरी आणल्यावर पहिल्या सामन्याआधी करावी. खूण बरोबर आहे की नाही हे दोन चेंडू एकमेकांना टेकवून ताडून पाहता येते.

नामफलक तयार करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा आणून कानशीने घासला, तर अशी पट्टी तुम्हालाही शाळेत करता येईल. वरचा हिशेब हाताशी आहेच.

हाताचे कौशल्य

चांगली पट्टी घेतली म्हणजे काम संपले असे नाही. ती चेंडूवर वरून टाकायची नसते. बनातीवर थोड्या अंतरावर टेकवून हळूहळू सरकवत न्यायची आणि दोन्ही कोपरे चेंडूला लागताच थांबायचे. आणखी केसभर ढकलले, तरी चेंडू हलला. चेंडू सरळ वर उचलायचा आणि ठेवतानाही सरळ खाली आणायचा. पट्टी काढताना ती खाचेच्या मधल्या रेषेतच, चेंडूपासून थेट मागे घ्यायची. तिरकी ओढली, तर एक कोपरा चेंडूला ढकलतो.

पंच पांढरे हातमोजे घालून हे सारे शांतपणे करतो. प्रेक्षकांचे तिकडे लक्षही नसते. ते नसावे यातच त्याचे यश आहे. ज्याचा चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी आहे आणि ज्याला एका गुणाने हरण्याची भीती आहे, त्या दोघांनाही खात्री असते, की चेंडू होता तेथेच आहे. बांधावरचा दगड मूळ जागी बसवणाऱ्या मोजणीदारावर दोन्ही शेजाऱ्यांचा विश्वास असावा लागतो, तसाच हा विश्वास. तो गोड बोलण्याने मिळत नाही; दहा वेळा मोजून दहाही वेळा तेच उत्तर देण्याने मिळतो.

स्वाध्याय

१. पट्टीची जाडी २ मि.मी. असेल, तर स्नूकरच्या चेंडूच्या छेदाची त्रिज्या किती? ठिपक्यासाठीची खूण टोकापासून किती अंतरावर करावी लागेल?

२. ३ मि.मी. जाड पट्टीची खाच २० मि.मी. रुंद केली, तर चेंडू खाचेत किती शिरेल?

३. कॅरमच्या जोडीतील मागची सोंगटी ०.५ मि.मी. सरकली आणि पॉकेट ४० सें.मी. दूर असेल, तर पुढची सोंगटी किती चुकेल? ती पॉकेटात जाईल का?

४. तिपाई ओबडधोबड जमिनीवरही डुलत नाही, पण चार पायांचे टेबल डुलते. या गोष्टीचा आणि खूणपट्टीच्या दोन कोपऱ्यांचा काय संबंध आहे? वर्गात चर्चा करा.

उत्तरे: (१) सुमारे १०.०५ मि.मी.; सुमारे ४२.४५ मि.मी. (२) सुमारे ५.२ मि.मी. (३) सुमारे ६.५ मि.मी.; मोकळी जागा ६.७ मि.मी. असल्यामुळे अगदी कडेने, जेमतेम जाईल.